स्वमग्नता : व्याख्या आणि चित्रणाचा वाद

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम कशाला म्हणायचे, तो विकार मानायचा की मेंदूच्या जडणघडणीतले वेगळेपण, आणि हे ठरवताना स्वमग्न व्यक्तींचे म्हणणे कितपत धरायचे, याविषयीचा वाद. स्वमग्नता रक्ततपासणीत दिसत नाही. वर्तन पाहून आणि वाढीची माहिती विचारून निदान होते. त्यामुळे निकष बदलले की कोणाला निदान मिळते आणि त्यासोबतची मदत कोणाला मिळते, तेही बदलते.

अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ स्वमग्न मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. पुढे काही दशके आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. या क्षेत्रातला हा सर्वांत क्रूर अध्याय होय. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये हे मत खोडून काढले. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या १९८१ मधील लेखामुळे, भाषा व बुद्धी सर्वसाधारण असलेल्या स्वमग्नतेसाठी, ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. २०१३ मध्ये डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचार निदान-पुस्तिकेने ते वगळून सर्व प्रकार एकाच वर्णपटाखाली आणले. ज्यांना त्या नावात स्वतःची ओळख सापडली होती, त्यांतील अनेक दुखावले. मात्र ज्यांच्यावरून हे नाव पडले त्या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी नाझी राजवटीत काही मुलांना व्हिएन्नातील ‘आम श्पीगेलग्रुंड’ या बालहत्या होणाऱ्या संस्थेत धाडल्याची कागदपत्रे २०१८ मध्ये पुढे आल्यावर ते नाव नकोसे झालेलेही बरेच आहेत.

चित्रणाचा प्रश्नही तितकाच जुना आहे. ब्रिटनमधील पालकांच्या संस्थेने १९६३ मध्ये निवडलेल्या बोधचिन्हात कोड्याचा तुकडा आणि त्यात रडणारे मूल होते. आपण न सुटलेले कोडे नाही, अशी त्यावर अनेक स्वमग्न प्रौढांची हरकत आहे, आणि ती रास्त आहे. १९८८ च्या ‘रेन मॅन’ चित्रपटाने स्वमग्नता घरोघरी पोहोचवली, पण विलक्षण गणिती स्मरणशक्तीचा पुरुष हाच नमुना लोकांच्या मनात ठसला. बहुतेक स्वमग्न व्यक्तींकडे अशी शक्ती नसते. मुलींची स्वमग्नता तर अनेकदा ध्यानातच येत नाही.

१९९३ मध्ये स्वमग्न कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी पालकांना आपल्यासाठी शोक न करण्याचे आवाहन केले. स्वमग्न अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की समजून घेण्यातली अडचण दुहेरी असते : इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन कळत नाही. ‘स्वमग्न व्यक्ती’ म्हणावे की ‘स्वमग्नता असलेली व्यक्ती’, यावरही मतभेद आहेत. पहिला प्रयोग अनेक स्वमग्न प्रौढांना, तर दुसरा बऱ्याच व्यावसायिकांना पसंत असतो. समोरच्याला विचारून बोलणे उत्तम.

सध्याचा तीव्र मुद्दा ‘गहन स्वमग्नता’ या संज्ञेचा आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२१ मध्ये ती सुचवली, ती चोवीस तास देखभाल लागणाऱ्या आणि फारसे बोलू न शकणाऱ्या किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी. वेगळ्या नावाविना आपली मुले संशोधनातून गळतात, असे काही पालक सांगतात. उलट, या शिक्क्यामुळे त्यांच्या क्षमतेचा विचारच थांबेल, अशी भीती अनेक स्वमग्न कार्यकर्त्यांना वाटते.