पेलाभर पाण्याचं वाफेचं इंजिन

१६ एप्रिल जवळ आला की ठाण्यात पहिल्या आगगाडीचा विषय निघतोच. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचं अंतर १४ डबे ओढत साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी पार केलं. अशा जुन्या इंजिनांची मॉडेलं दिसली की मुलं हमखास विचारतात, ‘यात खरी वाफ आहे का?’ बहुतेकांत नसते. आत विजेची मोटर असते आणि धुराड्यातून निघतो तो तापवलेल्या तेलाचा धूर. खऱ्या वाफेवर धावणारी मॉडेलंही असतात, पण सगळे भाग सारख्या प्रमाणात लहान केले की झालं, असं मात्र नाही.

लांबी ३२ पटींनी घटवली की पृष्ठफळ १,०२४ पटींनी घटतं आणि घनफळ ३२,७६८ पटींनी. मूळ बॉयलरमध्ये ६,००० लिटर पाणी मावत असेल, तर मॉडेलमध्ये उरतं १८३ मिलिलिटर, जेमतेम पेलाभर. उष्णता निसटते ती पृष्ठभागातून, आणि तेवढ्याच पाण्यामागे तो आता ३२ पट जास्त. किटलीतला चहा वाफाळत असतो तेव्हा कटिंग निवलेलं असतं, तसंच हे. गार सिलिंडरमध्ये शिरलेली वाफ तिथंच पाणी होते. म्हणून सुरुवातीला धुराड्यातून गरम, तेलकट शिंतोडे उडतात. त्यावर उपाय म्हणून वाफेची नळी ज्योतीतून फिरवून वाफ आणखी तापवतात. ज्योत स्पिरिटची किंवा गॅसची. ‘पाण्यावर चालणारं इंजिन’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. ऊर्जा इंधनाची असते, पाणी ती फक्त वाहून नेतं.

पण वाफेचं पाणी होणं जिथं कामी येतं, ती जागा मला सगळ्यात आवडते: वंगणाची डबी. तेलाने भरलेल्या या बंद डबीच्या वरच्या भागातून वाफेची नळी जाते आणि नळीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं एक छिद्र असतं. त्यातून थोडी वाफ डबीत शिरते, निवते, पाणी होते. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. तेल वर उचललं जातं, त्याच छिद्रातून वाफेत मिसळतं आणि थेट दट्ट्यापर्यंत पोचतं. ना पंप, ना झडप. फेरी संपली की डबीचं झाकण उघडून सिरिंजने तळाचं पाणी ओढून घ्यायचं. जेवढं पाणी निघालं, जवळपास तेवढंच तेल सिलिंडरकडे गेलेलं असतं.