ईमॅक्स पडद्यामागे कसा गेला: डीमन आणि त्याला सांभाळणाऱ्या स्क्रिप्टची पार्श्वभूमी

ईमॅक्स हा मजकूर आणि कोड लिहायचा एडिटर. तो रोज वापरणाऱ्या बहुतेकांकडे एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या आदेशांची यादी असलेली फाइल, असते. डीमन, म्हणजे पडद्यामागे खिडकीविना चालणारा ईमॅक्स, चालू आहे का ते बघायचं, नसेल तर सुरू करायचा, असेल तर त्याच्याकडून नवी खिडकी मागून घ्यायची, आणि सांगितल्यावर तो बंद करायचा. पाच-दहा ओळींचं काम. पण त्या ओळींमागे चाळीस वर्षांची खटपट आहे.

मूळ अडचण वेळेची. ग्नू ईमॅक्स 1985 मध्ये लोकांच्या हाती आला आणि त्या काळच्या मशीनला तो चांगलाच जड जायचा. 'आठ मेगाबाइट आणि सतत स्वॅपिंग' (मेमरी अपुरी पडून डिस्कवर अदलाबदल) अशी त्याच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांची फोडच लोकांनी करून टाकली. त्यामुळे सकाळी एकदा ईमॅक्स उघडायचा आणि दिवसभर त्यातच राहायचं, ही रीत पडली. आता युनिक्सवरचे मेल प्रोग्राम काय करतात, तर मजकूर लिहायची वेळ आली की 'एडिटर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सगळ्या प्रोग्रामना वाचता येणाऱ्या सेटिंगमध्ये) ज्याचं नाव असेल त्याला हाक मारतात. तिथे ईमॅक्सचं नाव असलं की दरवेळी दुसरा, कोरा ईमॅक्स उभा राहणार. आपल्या उघड्या फायली, कापून ठेवलेला मजकूर, सगळं पहिल्यातच अडकलेलं.

यावरचा तोडगा 1986 च्या सुमारास विल्यम सॉमरफेल्ड यांनी लिहिला. ईमॅक्समधल्या सर्व्हरच्या लिस्प (ईमॅक्स ज्या भाषेत चालतो ती) फाइलच्या माथ्यावर त्यांचं नाव आजही आहे. चालू ईमॅक्सने सर्व्हर व्हायचं आणि 'ईमॅक्सक्लायंट' नावाच्या चिमुकल्या प्रोग्रामने फक्त फाइलचं नाव त्याच्याकडे पोचवून थांबून राहायचं. हे थांबणंच महत्त्वाचं. लिहून झालं की कंट्रोल-एक्स आणि हॅश दाबायचं. मग क्लायंट संपतो आणि मेल प्रोग्रामला कळतं की मजकूर तयार आहे. आज गिट या कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये कमिटचा, म्हणजे नोंदीचा, संदेश लिहिताना पडद्याआड हाच खेळ चालतो.

पण सर्व्हर आपल्या खिडकीला बांधलेला होता. खिडकी मिटली की सगळं गेलं. एकच ईमॅक्स एकाच वेळी एक्स विंडोवर (युनिक्सच्या खिडक्यांच्या पडद्यावर) आणि साध्या टर्मिनलवरही दिसू शकत नसे, म्हणजे ऑफिसमध्ये उघडून ठेवलेल्या ईमॅक्समध्ये रात्री घरून टर्मिनलने शिरायची सोय नव्हती. मग लोकांनी टर्मिनलचं सत्र मागे चालू ठेवणाऱ्या 'स्क्रीन' या प्रोग्रामचा आधार घेतला: त्याच्या सत्रात टर्मिनलवरचा ईमॅक्स चालू ठेवायचा, सत्र सोडून द्यायचं, हवं तेव्हा पुन्हा जोडून घ्यायचं. त्याभोवतीच पहिल्या स्क्रिप्ट जमल्या.

खरी गाठ सोडवली कारोय लोरेंतेई यांनी. एका प्रोसेसला, म्हणजे एकाच चालू ईमॅक्सला, अनेक टर्मिनल आणि खिडक्या जोडता याव्यात, हे त्यांचं काम 2007 मध्ये मुख्य शाखेत आलं आणि 2009 च्या ईमॅक्स 23 मधून सगळ्यांना मिळालं. त्याच आवृत्तीत 'डीमन' हा पर्याय आला. एकही खिडकी नसलेला ईमॅक्स. शिवाय 'अल्टरनेट एडिटर' हे व्हेरिएबल रिकामं ठेवलं की डीमन नसल्यास क्लायंट स्वतःच तो सुरू करतो. एवढ्या एका सोयीने माझ्या मते निम्म्या स्क्रिप्टची गरज संपली.

उरलेली निम्मी मात्र चिवट निघाली. लॉगिनच्या वेळी सुरू केलेल्या डीमनला शेलच्या प्रोफाइलमधला पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी, मिळालेला नसतो, म्हणून टर्मिनलवर सापडणारा प्रोग्राम ईमॅक्सला सापडत नाही. 2016 मध्ये सिस्टमडी 230 ने (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) लॉगआउट होताच मागे उरलेल्या प्रोसेस मारून टाकणं हाच मूळ नियम केला. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने तो स्वतःपुरता उलटवला. ईमॅक्स 26 सोबत 2018 मध्ये सिस्टमडीला डीमन कसा चालवायचा ते सांगणारी तयार सर्व्हिस फाइल आली, तेव्हा सुरू करण्याचा प्रश्न बराचसा मिटला. पुढे 2020 मध्ये ईमॅक्स 27 ने सॉकेटची, म्हणजे क्लायंट ज्या फाइलमधून डीमनशी बोलतो तिची, जागा टेंप फोल्डरमधून वापरकर्त्याच्या रनटाइम फोल्डरमध्ये हलवली. जुनी वाट हाताने लिहून 'डीमन आहे का' हे तपासणाऱ्या स्क्रिप्ट त्या दिवशी 'नाही' म्हणू लागल्या आणि समोर जिवंत डीमन असताना दुसरा सुरू करायला धावल्या. म्हणून फाइल शोधत बसू नये. क्लायंटकरवी एखादं क्षुल्लक लिस्प वाक्य पाठवावं आणि उत्तर आलं की तो आहे असं धरावं.

सगळ्यात नाजूक काम बंद करण्याचं. 'किल-ईमॅक्स' हा आदेश जतन न केलेल्या बफरबद्दल, म्हणजे उघड्या मजकुराबद्दल, काहीही विचारत नाही, आणि लिहिलेलं जाणं ही लहान गोष्ट नव्हे. विचारणारा आदेश द्यावा, तर खिडकीच नसलेला डीमन तो प्रश्न दाखवणार कुठे? स्क्रिप्ट तिथेच लटकते. म्हणून जाणती स्क्रिप्ट आधी क्लायंटकडून एक नवी खिडकी उघडवते आणि तिच्यातच 'सेव्ह-बफर्स-किल-ईमॅक्स' चालवते. मग एकेका फायलीचं नाव घेऊन प्रश्न समोर येतो, आपण हो किंवा नाही म्हणतो, आणि त्यानंतरच डीमन निरोप घेतो.