एकाच मोटारीची दोन रूपे

जर्मनीतील एकाच कारखान्यात तयार झालेल्या एकाच मॉडेलच्या दोन मोटारी, एक युरोपसाठी आणि दुसरी अमेरिकेसाठी, शेजारी उभ्या केल्या तर फरक सर्वांत आधी दिव्यांत दिसतो. मागचा इंडिकेटर युरोपात नारिंगीच असावा लागतो; अमेरिकेत तो लालही चालतो, आणि म्हणून तिथल्या अनेक गाड्यांत ब्रेकचाच दिवा वळताना उघडमीट करतो. नारिंगी रंगामुळे मागून बसणाऱ्या धडका काही टक्क्यांनी कमी होतात, असे अमेरिकी सरकारच्याच २००९ च्या अभ्यासात दिसले. तरीही लाल रंगाची मुभा कायम आहे, हे नवलच. उलट, गाडीच्या कडेला पुढे नारिंगी आणि मागे लाल दिवा असण्याची सक्ती अमेरिकेत अर्धशतकाहून जुनी आहे. युरोपात ती साध्या मोटारींना नाही.

हेडलाइटचा इतिहास याहून रंजक आहे. १९४० पासून १९८३ पर्यंत अमेरिकेत ठरावीक मापाचे, काच आणि फिलामेंट एकत्र बंद केलेले ‘सील्ड बीम’ दिवेच चालत. फ्रान्सच्या सित्रोएन डीएस या गाडीला १९६७ मध्ये काचेच्या आवरणाआड, स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे बसवले गेले, पण अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांची काचही गेली आणि दिव्यांचे वळणेही. प्रकाशझोताची घडणही वेगळी असते: युरोपीय डिपरच्या झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते, तर अमेरिकी झोत रस्त्यावरच्या उंच फलकांसाठी थोडा प्रकाश वर जाऊ देतो आणि त्यामुळे समोरच्याचे डोळे अधिक दिपतात.

या भेदांमागे तपासणीच्या दोन पद्धती आहेत. युरोपात विक्रीपूर्वी सरकारमान्य यंत्रणेची मंजुरी लागते. अमेरिकेत गाडी नियमांत बसते याची हमी कंपनी स्वतःच देते आणि सरकार नंतर बाजारातून गाड्या घेऊन तपासते. भारताची रीत युरोपच्या जवळची आहे. पुण्याची ‘एआरएआय’ अशी मंजुरी देणाऱ्या संस्थांपैकी एक.

समोरच्या गाडीपुरताच झोत झाकणारे हेडलाइट युरोपात वर्षानुवर्षे वापरात असताना अमेरिकेने त्यांना २०२२ मध्ये परवानगी दिली, पण चाचण्या स्वतःच्या ठेवल्या. त्यामुळे युरोपीय गाडीतील ही सोय तिथे नुसती सॉफ्टवेअर बदलून सुरू करता येईलच असे नाही.