बोलिंग बॉलची घरगुती घासाई

टेनपिन बोलिंग म्हणजे जड बॉल लांब, गुळगुळीत लेनवरून घरंगळत सोडून टोकाच्या दहा पिना पाडण्याचा खेळ. घासाई म्हणजे या खेळातल्या बॉलचा पृष्ठभाग घासून त्याची पकड परत आणणे किंवा हवी तशी बदलणे. अमेरिकेत हे काम प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात, पैसे देऊन करून घेता येते. तरी लीग खेळणारे अनेक हौशी खेळाडू ते घरच्या गॅरेजमध्येच उरकतात.

फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पुढच्या पिनपर्यंत लेन ६० फूट असते आणि तिच्या बऱ्याच भागावर तेल लावलेले असते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिन या तेल शोषणाऱ्या कृत्रिम पदार्थाचे बॉल आले. ते हे तेल शोषतात, शिवाय त्यांच्या पृष्ठभागावरचे बारीक चरे खेळता खेळता झिजून जातात. मग बॉल वळायचा तिथे वळत नाही. खरबरीत बॉल लेनवर लवकर पकड घेतो. गुळगुळीत बॉल लांबवर घसरत जाऊन उशिरा वळतो. त्यामुळे शेवटचा हात किती नंबरच्या घासकागदाचा किंवा चकतीचा मारायचा (नंबर जितका मोठा तितकी घासाई बारीक), हे लेनवरचे तेल पाहून ठरते.

साधन निवडताना एकच कसोटी खरी: गोलाई बिघडू न देता सगळीकडे सारखी घासाई होते का? सपाट तळाचा सँडर (घासाईचे विजेवरचे यंत्र) किंवा ड्रिलला लावलेली कडक चकती इथे नकोच, कारण एका जागी क्षणभर थांबली तरी खड्डा पडतो. नियमांनुसार बॉलचा व्यास ८.५ ते ८.५९५ इंच असावा लागतो. चूक काढायला फार माया उरत नाही.

सर्वांत रूढ साधन म्हणजे फोमवर सिलिकॉन कार्बाइडचा थर असलेली सहा इंची चकती. फिनलंडच्या मिर्का कंपनीची अॅब्रालॉन चकती यात जवळजवळ प्रमाण मानली जाते. ५००, १०००, २०००, ४००० हे तिचे नेहमीचे नंबर. फोम दबतो आणि बॉलच्या गोलाईला धरून राहतो. हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपरही चालतो, पण नंबर नीट वाचावा. अमेरिकन मापाचा ६०० म्हणजे ‘पी’ लिहिलेल्या युरोपीय मापाचा साधारण १२००. हा घोळ झाला की बॉल अपेक्षेपेक्षा भलताच वागतो.

स्पिनर, म्हणजे बॉल वाटीत बसवून फिरवणारी मोटर, असेल तर काम मिनिटांत होते. मात्र तिच्यावर चरे एकाच दिशेने वर्तुळात पडतात; म्हणून बॉल फिरवून चार किंवा सहा बाजूंनी घासतात. ऑर्बिटल सँडरचे, म्हणजे ज्याचा तळ छोट्या वर्तुळांत हलतो अशा सँडरचे, चरे आडवेतिडवे पडतात, ही त्याची जमेची बाजू. त्याच्या तळाला मऊ फोमचा थर लावावा, आणि वीज-पाणी एकत्र येत असल्याने पाणी जपून वापरावे. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा बॉल घासणाऱ्याला यातले काहीच विकत घ्यायची गरज नाही. प्लास्टिकच्या पाइपचा रुंद तुकडा बैठक म्हणून घेतला की हातानेही उत्तम घासाई होते, फक्त दंड भरून येतात.

आधी तेल काढणे आवश्यक. तेलकट बॉलवर चकती लगेच बुजते. बोटांची भोके टेपने बंद करून ओल्या चकतीने घासताना बॉलच्याच रंगाचे पातळ गाळासारखे पाणी सुटते. ते वरचेवर पुसावे, नाहीतर चकती कापायची थांबून नुसती घसरते. ओल्या घासाईने धूळही उडत नाही. कोरडी घासाई करायचीच तर मास्क लावावा. भोकांच्या कडांवर जोर देऊ नये. वापरलेल्या चकतीवर खूण करून ठेवावी, कारण झिजलेली ५०० नंबरची चकती नव्या १००० सारखी काम करू लागते.

अमेरिकेतील बोलिंगची नियामक संस्था यूएसबीसी हिच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळ सुरू झाल्यावर बॉल घासता येत नाही. असा मध्येच घासलेला बॉल खेळातून बाद होतो.