जनुक नियमन संशोधनाची पार्श्वभूमी: एका प्रमोटरपासून अख्ख्या जीनोमपर्यंत

जनुक कधी चालू आणि कधी बंद राहते, हा जनुक नियमनाचा प्रश्न. १९६१चे ओपेरॉनचे (एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाचे) प्रारूप आणि १९६६-६७मध्ये वेगळे केलेले पहिले रिप्रेसर (जनुक बंद ठेवणारी प्रथिने) हा त्याचा पाया सर्वांना ठाऊक आहे. १९८०च्या सुमारास या क्षेत्रात उतरलेल्या संशोधकाची भिस्त डीएनएज फूटप्रिंटिंगवर, म्हणजे डीएनएवर प्रथिन नेमके कुठे बसते ते शोधण्याच्या पद्धतीवर, होती. एका टोकाला पी-३२ हा किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला डीएनएचा तुकडा घ्यायचा, त्यावर प्रथिन बसू द्यायचे आणि मग डीएनएज-१ हे डीएनए कापणारे एन्झाइम इतके कमी घालायचे की प्रत्येक रेणूला सरासरी एकच काप बसावा. प्रथिनाखालची जागा कापली जात नाही, म्हणून तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवरच्या पट्ट्यांच्या शिडीत तेवढे अंतर रिकामे दिसते. एन्झाइम जास्त झाले की सगळे तुकडे आखूड होऊन जेलच्या तळाशी जमतात. प्रथिन कमी पडले तर मोकळ्या राहिलेल्या रेणूंच्या पट्ट्या ते अंतर भरून काढतात. एकेका प्रमोटरवर (जनुकाचा आरएनए जिथून बनू लागतो त्या जागेवर) अख्खी पीएचडी होत असे.

१९८१मध्ये एसव्ही-४० विषाणूतल्या ७२ बेसजोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरजोड्यांच्या) पुनरावृत्तीने सशाच्या बीटा-ग्लोबिन जनुकाचा आरएनए सुमारे २०० पट वाढला. तुकडा उलटा जोडला किंवा हजारो बेसजोड्या दूर ठेवला तरी परिणाम टिकला. एन्हान्सर, म्हणजे जनुकाचे काम वाढवणारा असा तुकडा, जनुकाच्या शेजारीच सापडेल, हा भरवसा तिथे संपला.

एन्हान्सर शोधण्याचे मोठे साधन २००७मध्ये चिप-सेकच्या रूपाने हाती आले. यात डीएनएला चिकटलेले प्रथिन अँटिबॉडीने ओढून सोबतचा डीएनए वाचतात. प्रथिन डीएनएला जखडण्यासाठी पेशींना १ टक्का फॉर्माल्डिहाइड साधारण १० मिनिटे, मग ती क्रिया थांबवायला १२५ मिलीमोलर ग्लायसिन, सोनिकेटरच्या ध्वनिलहरींनी २०० ते ५०० बेसजोड्यांचे तुकडे, अँटिबॉडीने ओढणे, ६५ अंशांवर रात्रभर ठेवून क्रॉसलिंक (प्रथिन आणि डीएनएमधले बंध) सोडवणे आणि सिक्वेन्सिंग. फॉर्माल्डिहाइड जास्त वेळ राहिले तर क्रोमॅटिन (प्रथिनांसह गुंडाळलेला डीएनए) नीट तुटत नाही आणि अँटिबॉडीला पकडायची जागाही झाकली जाते. इनपुटचा, म्हणजे अँटिबॉडी न लावलेला, नमुना न घेता पीक (एका जागी जमलेल्या तुकड्यांचे उंचवटे) मोजणे म्हणजे फसगतच. जोरात लिप्यंतरण (आरएनए बनणे) चाललेल्या जनुकांवर जवळपास कोणत्याही अँटिबॉडीने खोटे पीक मिळू शकतात.

अशा हजारो प्रयोगांची बेरीज सप्टेंबर २०१२मध्ये एन्कोड (ENCODE) या प्रकल्पाने जाहीर केली. १४७ प्रकारच्या पेशी, १,६४० डेटासंच आणि निष्कर्ष असा की मानवी जीनोमचा ८०.४ टक्के भाग ‘कार्यशील’ आहे. वाद या आकड्यापेक्षा त्यामागच्या निर्णयाचा आहे. निदान एका प्रकारच्या पेशीत आरएनए बनला, हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या प्रथिनांवर) खूण दिसली किंवा प्रथिन चिकटलेले आढळले, एवढ्यावर तो भाग कार्यशील मोजला गेला. नियमन करणाऱ्या प्रथिनांच्या जागा मात्र जीनोमच्या ८.१ टक्केच होत्या. उरलेला फुगवटा मुख्यतः आरएनए आणि हिस्टोनच्या पसरट खुणांचा. टीकाकारांचा मुद्दा बिनतोड होता. कांद्याचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट आहे. मग त्यातले सगळे उपयोगी धरायचे का? उत्क्रांतीत जपलेल्या डीएनएवरून २०१४मध्ये निघालेला अंदाज ८.२ टक्के होता. त्याच वर्षी प्रकल्पाच्या बाजूनेही जनुकीय, उत्क्रांतीचा आणि जैवरासायनिक असे पुराव्याचे तीन प्रकार वेगळे मांडले गेले. हे २०१२मध्येच व्हायला हवे होते. ‘८० टक्के कार्यशील’ अशा मथळ्यांनी एका उत्तम नकाशाची नाहक बदनामी केली, कारण त्यातल्या डीएनएज-संवेदी (उघड्या असल्याने डीएनएजने सहज कापल्या जाणाऱ्या) जागांच्या याद्या आजही रोज वापरात आहेत.

त्यानंतर पीक दाखवून भागेना, तो भाग बंद करून दाखवणे आले. कापण्याची क्षमता काढलेला कॅस-९ (गाइड आरएनएच्या मदतीने डीएनएवरची ठरावीक जागा गाठणारे एन्झाइम) क्रॅब या दडपणाऱ्या प्रथिनाला जोडून एन्हान्सरवर पाठवतात आणि लक्ष्य जनुकाचा आरएनए मोजतात. बरेचदा काहीच बदलत नाही. कधी दुसरा एन्हान्सर भार उचलतो, कधी पेशीच चुकीची निवडलेली असते, तर कधी गाइड आरएनए नीट बसत नाही. म्हणून प्रत्येक जागेसाठी अनेक गाइड आणि प्रमोटरवरचे एक खात्रीचे गाइड सोबत ठेवावे लागते. याउलट सॉनिक हेजहॉग या अवयवांची घडण ठरवणाऱ्या जनुकाचा हातापायांतला एन्हान्सर सुमारे १० लाख बेसजोड्या दूर, दुसऱ्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात) आहे. त्यातले एकच अक्षर बदलले तर जादा बोट येऊ शकते आणि तो पूर्ण काढला तर उंदराच्या पायांचा पुढचा भाग घडतच नाही.