पेशींचे वार्धक्य

विभाजनक्षम पेशीचे विभाजन कायमचे थांबते, पण ती मरत नाही, या अवस्थेला पेशींचे वार्धक्य म्हणतात. अशी पेशी आकाराने मोठी व चपटी होते, प्रथिने बनवत राहते आणि दीर्घकाळ टिकू शकते. फक्त तिच्यापासून नव्या पेशी होत नाहीत.

शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी अमर असतात, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानले जाई. अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये सुरू केलेले कोंबडीच्या गर्भातील हृदयपेशींचे संवर्धन ३४ वर्षे चालवले गेले, हा त्याचा मोठा आधार होता. लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये तो समज मोडला. मानवी गर्भातील पेशी सुमारे ४० ते ६० वेळा दुप्पट होऊन थांबतात, असे त्यांना आढळले. दोष पोषकद्रवाचा तर नाही ना, ही शंका त्यांनी फार देखण्या रीतीने दूर केली. अनेकदा विभागलेल्या पुरुषपेशी आणि थोड्याच वेळा विभागलेल्या स्त्रीपेशी त्यांनी एकाच भांड्यात वाढवल्या. काही काळाने भांड्यात फक्त स्त्रीपेशी उरल्या. द्रव तोच, भांडे तेच. म्हणजे मोजदाद पेशीच्या आतच चालू होती. गोठवून ठेवलेल्या पेशीही पुन्हा वाढवल्यावर उरलेली विभाजनेच पूर्ण करतात.

ही मोजदाद गुणसूत्रांच्या टोकांशी होते. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा धाग्याचे अगदी शेवटचे टोक पूर्ण उतरवू शकत नाही. अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांनी १९७१ मध्ये पेशींच्या थांबण्याचा संबंध याच त्रुटीशी जोडला. टोकांवरील ‘टीटीएजीजीजी’ या क्रमाच्या हजारो पुनरावृत्तींना टेलोमिअर म्हणतात, आणि प्रत्येक विभाजनात त्या थोड्या झिजतात. टेलोमिअर फार आखूड झाले की पेशीला ते तुटलेल्या डीएनएसारखे भासते. मग पी५३ व पी१६ या प्रथिनांच्या मार्गांनी विभाजन रोखले जाते. टेलोमरेज हे विकर झीज भरून काढते, पण बहुतेक शरीरपेशींत ते बंद असते. या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

झीज हे एकमेव कारण नव्हे. किरणोत्सर्ग, ऑक्सिडीकारक ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे होणारी हानी) किंवा कर्कजनुकाचे, म्हणजे कर्करोगाला चालना देणाऱ्या जनुकाचे, सक्रिय होणे यांमुळे टेलोमिअर लांब असतानाही पेशी थांबते. यावरून वार्धक्य हा केवळ बिघाड नसून कर्करोगाविरुद्धचा ब्रेक आहे, असे दिसते. बहुसंख्य कर्कपेशी टेलोमरेज पुन्हा चालू करूनच अमर्याद विभागतात.

या संरक्षणाची किंमत उतारवयात चुकवावी लागते. ऊतींत साठलेल्या वृद्ध पेशी दाह वाढवणारी रसायने स्रवतात आणि शेजारच्या पेशींनाही बाधतात. पी१६ बनवणाऱ्या पेशी काढून टाकल्यावर उंदरांमधील काही वार्धक्यविकार उशिरा सुरू झाल्याचे २०११ मध्ये दिसले. मात्र अशा पेशी सरसकट नष्ट करणे धोक्याचे ठरू शकते, कारण जखमेत त्या थोड्या काळासाठी तयार होतात आणि उंदरांत त्या काढल्यावर जखम उशिरा भरते.