गिरणीतला जॉबर आणि पुस्तकातला नेता: नेतृत्वशैलींची पार्श्वभूमी

लोअर परळच्या एखाद्या कार्यालयात नवे टीम लीडर प्रशिक्षणाला बसतात, तेव्हा पहिल्या तासालाच फळ्यावर तीन शब्द येतात: हुकूमशाही, लोकशाही, मोकळीक. ही विभागणी 1939 सालची, अमेरिकेतली. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, हा प्रश्न मात्र याच गिरणगावात त्याच्या कितीतरी आधी रोज सकाळी सोडवला जात होता. शैलींचा इतिहास फक्त पुस्तकांतून वाचला की एक धागा सुटतो. माणसाची शैली त्याच्या स्वभावाइतकीच त्याच्या हातातल्या अधिकारांवर ठरते.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केली. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा भागांतून हजारो माणसं आली. साहेब आणि ही माणसं यांच्यामध्ये उभा होता तो जॉबर, म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यांत नाईकीण. भरती त्याची, कामाची वाटणी त्याची, रजा आणि शिक्षाही त्याचीच. भोंगा व्हायच्या आधी बदली कामगार, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घेतले जाणारे, गिरणीच्या दाराशी उभे राहायचे आणि जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवेल तो आत जायचा. त्या बोटासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. पण हाच जॉबर खोली मिळवून देई, अडीनडीला पैसे देई, उधारीला जामीन राही. त्याला नुसता हुकूमशहा म्हणणं चूक ठरेल. पुरेशी माणसं जमली नाहीत तर त्याच्या खात्यातली यंत्रं बंद राहणार, म्हणून वस्तीत त्याला आपली पत सांभाळावीच लागे. संप झाला की तर जॉबरची दोन्हीकडून ओढाताण व्हायची.

1928 च्या सहा महिन्यांच्या संपामागे दोनऐवजी तीन माग एका विणकराकडे देण्यासारखे बदल होते. त्यानंतर नेमलेल्या शाही कामगार आयोगाने 1931 च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या, त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमा, असं स्पष्ट सांगितलं. 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण पद्धत आणली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक कामगारांना बदलीची कार्डं मिळू लागली आणि रिकाम्या जागा कार्डवाल्यांतूनच भरायच्या असं ठरलं. जॉबर तोच, खातं तेच. पण कोणाला आत घ्यायचं हे एकट्याच्या मर्जीवर ठेवायचं नाही, हा विचार इथे नियमात उतरला. माझ्या मते मुंबईच्या व्यवस्थापनाच्या इतिहासात यापेक्षा मोलाचा धडा नाही, आणि नेमका हाच प्रशिक्षणात शिकवला जात नाही.

पुस्तकी बाजूला तोवर वेगळाच प्रवास चालू होता. एकोणिसाव्या शतकात थोर पुरुष जन्मावा लागतो, अशी समजूत होती. 1903 मध्ये अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी एका फोरमनची कामं आठ जणांत वाटावीत असं सुचवलं: चार नियोजनाच्या खोलीत, चार यंत्रांपाशी. नेत्याचे गुण शोधण्याचं काम मात्र थांबलं नाही. 1948 मध्ये राल्फ स्टॉगडिल यांनी 124 अभ्यास तपासले तेव्हा दिसलं, की सगळीकडे लागू पडेल असा गुणांचा संच हाती लागत नाही.

1939 चा कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचा प्रयोग साधारण दहा वर्षांच्या मुलांवर झाला. मुलं छंदमंडळात मुखवटे बनवत होती आणि मोठी माणसं ठरवून वेगवेगळ्या शैलींत वागत होती. प्रशिक्षणात याचा निष्कर्ष 'लोकशाही उत्तम' एवढाच सांगतात. पण हुकूमशाही गट नेता समोर असताना भरपूर काम करत होता. नेता खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, तर लोकशाही गटाचं जवळजवळ तसंच चालू राहायचं. म्हणून साहेब फेरी मारतात त्या वेळेचं काम मोजून शैली जोखली, तर उत्तर हमखास चुकतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओहायो स्टेट विद्यापीठाने वागणुकीचे दोन घटक वेगळे केले: कामाची आखणी आणि माणसांची कदर. याच परंपरेतल्या एडविन फ्लिशमन यांचे दोन अभ्यास प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याला पाठ हवेत. पहिल्यात इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या फोरमनना दोन आठवडे माणसांशी नीट वागण्याचं प्रशिक्षण मिळालं. वर्ग संपताना त्यांची मतं बदललेली होती. कारखान्यात परतल्यावर मात्र ज्याचा वरिष्ठ जसा, तसा तो फोरमन वागू लागला. दुसरा 1962 चा, हॅरिस यांच्यासोबतचा. ज्या फोरमनकडे कदर कमी होती, त्यांच्याकडे आखणी कमी असो की जास्त, कामगारांच्या तक्रारी भरपूरच. ज्यांच्याकडे कदर जास्त होती, त्यांनी शिस्त कडक केली तरी तक्रारी फारशा वाढल्या नाहीत. कडक शिस्त लावायची असेल तर आधी विश्वास कमवावा लागतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

पुढचं थोडक्यात. ब्लेक आणि माउटन यांनी 1964 मध्ये हेच दोन घटक 9 गुणिले 9 च्या चौकटीत मांडले. फीडलर यांनी 1967 मध्ये शैली आणि परिस्थिती यांची जोडी लावली. 1969 मध्ये हर्सी आणि ब्लँचर्ड यांचं प्रतिमान आलं. हाताखालच्या माणसाची तयारी पाहून शैली निवडायची: सांगा, पटवा, सहभागी करा, सोपवा. आज खूप वापरलं जातं ते हेच, आणि चुकीचं वापरलं जातं तेही हेच. तयारी माणसाची नव्हे, त्या कामापुरती मोजायची असते. दहा वर्षं हिशेब लिहिणारा माणूस नव्या सॉफ्टवेअरपुढे नवखाच असतो. त्याला 'अनुभवी' म्हणून काम सोपवून दिलं की महिनाअखेरीस चुका निघतात आणि दोष त्याच्या माथी येतो. आधी काम निवडा, मग येतं का आणि करायची इच्छा आहे का हे वेगवेगळं विचारा, मग शैली ठरवा.

आपल्याकडच्या दोन गोष्टींची मात्र नीट ओळख हवी. 1953 मध्ये ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांचं एक खातं पाहिलं: 224 माग, 29 कामगार आणि त्यांच्यात 12 प्रकारची कामं. कोण कोणाचा सोबती हेच ठरलेलं नव्हतं. ठरावीक मागांची जबाबदारी छोट्या गटांकडे दिल्यावर उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. दुसरी गोष्ट मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांची. त्यांनी 1980 मध्ये 'पोषक-कार्यनिष्ठ' नेता मांडला: माया आहे, पण ती कामाशी बांधलेली. मदत मिळते ती काम पुरं करणाऱ्याला. माणूस तयार होत जाईल तसं नेत्याने मागे सरायचं, सहभागाकडे जायचं. बिघडतं ते याच टप्प्यावर. आधार देणाऱ्याला आधार देत राहणं सुखाचं वाटतं आणि जुना जॉबर पुन्हा उभा राहतो.

मुंबईत हे सिद्धांत शिकवणाऱ्या संस्थाही याच काळात उभ्या राहिल्या. टाटा समाजविज्ञान संस्था 1936 मध्ये सुरू झाली, तर जमनालाल बजाज संस्था 1965 मध्ये. 1948 च्या कारखाना कायद्याने 500 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आजच्या टीम लीडरला प्रशिक्षणाला बसवण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: पाळीपत्रक कोण लावतं, रजा कोण मंजूर करतं, वार्षिक मूल्यांकनाचे गुण कोण देतं. तिन्ही एकाच माणसाच्या हाती असतील, तर प्रशिक्षणाआधी बदल करायचा तो इथे.